फुकट मिळतं म्हणजे वर्गात पोचलं का?

खानापूरचा मास्तर:
काल इथं एकानं लिहिलं, "नेटवर सगळं फुकट पडलंय, तरी सीमाभागातले मराठी शाळांचे मास्तर साहित्य नाही म्हणून रडतात. आळस, दुसरं काय!" कालपासून डोकं फिरलंय. 22 वर्षं विज्ञान शिकवतोय. आमची परीक्षा एसएसएलसी, म्हणजे कर्नाटक बोर्डाची दहावी. बालभारतीची पीडीएफ मिळते, पण अभ्यासक्रम महाराष्ट्राचा. कर्नाटकातल्या शिक्षकांचा मुक्त साहित्याचा विकी आहे, तो कन्नड आणि इंग्रजीत. आमचं पोर दोन्हीकडून उपरं.

गेल्या पावसाळ्यात प्रकाशाचा धडा घेताना मोबाईलवर पुण्याकडचा व्हिडिओ लावला. त्यात बाई "अपवर्तन, अपवर्तन" म्हणतायत आणि फळ्यावर मी लिहिलेलं वक्रीभवन. गोष्ट एकच, शब्द दोन. मागच्या बाकावरची पोरगी उठली, "सर, हा दुसरा धडा काय?" उत्तर द्यायच्या आत रेंज गेली.

टिळकवाडीकर:
तो लिहिणारा मीच. सर, शब्द बदलायला कुणी अडवलंय? 2002 साली युनेस्कोच्या बैठकीत 'मुक्त शैक्षणिक संसाधने' हे नाव निघालं, ते नुसतं फुकट वाटायला नव्हे. घ्या, बदला, वाटा. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, मराठीतही आहेत, एकदा उतरवून घेतली की रेंज लागत नाही.

निपाणीची बाई:
उतरवून कशावर घ्यायची, पाटीवर? आमच्या शाळेतला संगणक आला तसा प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. किल्ली हेडमास्तरांकडे, आणि हेडमास्तर सदा मीटिंगला. आणि बालभारतीची पीडीएफ फुकट असली तरी हक्क राखीव आहेत. ती बदलून वाटता येत नाही. सगळं एका पोत्यात कोंबू नका.

गणित_कच्चं:
मुळात वक्रीभवन हा शब्दच चूक. काचेत किरण वक्र कुठं होतो? सरळच जातो, फक्त दोन माध्यमांच्या सीमेवर दिशा बदलतो.

खानापूरचा मास्तर:
सीमेवर काय होतं ते आम्हाला शिकवू नका!

गणित_कच्चं:
हशा मिळाला सर, मुद्दा तसाच राहिला. अपवर्तन बरोबर आहे.

बेळगाव_म्हणा:
पुण्यानं शब्द बदलला की आम्ही पण बदलायचा? 2004 पासून सुप्रीम कोर्टात सीमाप्रश्नाचा दावा पडून आहे, तेव्हा कुठं असतात हे शब्दवाले? माझा बाप वक्रीभवन शिकून इंजिनिअर झाला.

गणित_कच्चं:
बापाचं कौतुक आहे. किरण तरीही वाकडा होत नाही.

टिळकवाडीकर:
अहो, साहित्याबद्दल बोलत होतो आपण!

निपाणीची बाई:
मग ऐका. स्टोरीविव्हर या मुलांच्या गोष्टींच्या साइटवरच्या गोष्टी मी स्वतःच्या पैशानं झेरॉक्स केल्या. तिथं बदलायला, छापायला मोकळीक आहे. एकीकडे मराठी, एकीकडे कन्नड. चौथीतला एक पोरगा कन्नडच्या तासाला तोंड उघडत नव्हता, तो आता माझ्या चुका काढतो. म्हणजे तुमचं थोडं खरं आहे, टिळकवाडीकर. पण झेरॉक्सचे 180 रुपये कोण देणार? आणि आळशी म्हणालात ते मागे घ्या.

टिळकवाडीकर:
बरं, घेतलं मागे. सगळ्यांसाठी नाही हं.

खानापूरचा मास्तर:
उपकार झाले. प्रकाशाच्या धड्याची माझी टिपणं टाईप करून क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्याखाली टाकतोय. शब्द वक्रीभवनच ठेवलाय. ज्याला खटकेल त्यानं बदलावा, परवानगी आहे.

गणित_कच्चं:
लिंक द्या. आज रात्रीच बदलतो.