ज्युलियनने आजारपण का मागितले? मध्ययुगीन ख्रिस्ती संतांच्या लेखनाविषयी एक शंका

भीमाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी सोलापूरचा रहिवासी असून काही महिन्यांपासून मध्ययुगीन ख्रिस्ती संतांचे लेखन अनुवादातून वाचतो आहे. नॉर्विचची ज्युलियन या इंग्रज साध्वीच्या ग्रंथाच्या आरंभीच मी अडखळलो. तरुणपणी तिने देवाजवळ तीन मागणी मागितली: ख्रिस्ताच्या यातनांचे जिवंत स्मरण, तिसाव्या वर्षी मरणाच्या दारापर्यंत नेणारे आजारपण, आणि पश्चात्ताप, करुणा व देवाची ओढ या तीन जखमा. माझ्या आईच्या शेवटच्या दुखण्यात मी कित्येक रात्री तिच्या उशाशी बसून काढल्या आहेत. त्या वेदनेत मागून घ्यावे असे काही होते, हे माझे मन मान्य करीत नाही. या संतांच्या लेखी दुःख ही देवाच्या प्रेमासाठी मोजायची किंमत होती काय? जाणकारांनी कृपया सांगावे.

निरंजना

आपली शंका रास्त आहे. मात्र ज्युलियनचे मागणे वाचून तेथेच थांबलो, तर तिच्यावर अन्याय होईल. मे १३७३ मध्ये, साडेतीस वर्षांची असताना, ती खरोखरच मरणासन्न झाली. तिच्यासाठी अखेरचा विधी उरकला गेला, कमरेखालचे शरीर बधिर झाले, आणि धर्मगुरूने डोळ्यांसमोर धरलेल्या क्रुसाकडे पाहत असताना तिला सोळा दर्शने झाली. त्यांतील एका दर्शनात क्रुसावरचा ख्रिस्त तहानेने सुकत जाताना दिसतो, आणि येथे ती जे लिहिते ते मला तिच्या ग्रंथातील सर्वांत प्रामाणिक वाक्यांपैकी एक वाटते: ही वेदना कशी असते हे आधी कळले असते, तर मी ती मागितलीच नसती. लगेच ती कारणही सांगते. जो आपले सर्वस्व आहे त्याला तळमळताना पाहणे, याहून मोठी वेदना तिला ठाऊक नाही. म्हणजे दुःख देऊन प्रेम विकत घ्यावे असा हा व्यवहार नाही. जिथे प्रेम असते तिथे प्रियाचे दुखणे आपल्याला दुखल्यावाचून राहत नाही, एवढेच तिला आढळले. आपण आईच्या उशाशी बसून जे भोगले, ते मला याच जातीचे वाटते.

आणखी एक. ती सहा-सात वर्षांची असताना नॉर्विचमध्ये प्लेग आला होता. मरण तिला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. तरीही देवाच्या ठायी क्रोध मुळीच नाही, असे ती ठामपणे लिहिते. आणि या दर्शनांचा अर्थ काय, या प्रश्नाचे उत्तर तिला पंधरा वर्षांनी मिळाले ते एवढेच, की प्रेम हाच त्याचा अर्थ होता.

पार्कचौक

वरील विवेचन पटले, तरी एक भर घालतो. आपल्या जिल्ह्यातल्या वाचकाला हा विषय परका वाटू नये. ज्ञानेश्वरांच्या विरहिण्यांत जी तळमळ आहे, तिच्या फार जवळचे लेखन त्याच शतकात जर्मनीत माग्डेबुर्गच्या मेश्टिल्डने केले. लॅटिन सोडून तिने लोकांच्या बोलीत, म्हणजे लो जर्मनमध्ये, १२५० च्या सुमारास लिहायला घेतले. चाळीस वर्षांनी ज्ञानेश्वरी मराठीत अवतरली. मेश्टिल्डच्या लेखनात असा एक टप्पा येतो, की देव दूर गेला आहे हे जाणवूनही ती त्या दुराव्याचेच स्वागत करते. मात्र साम्य फार ताणू नये. आपली विरहिणी प्रियाच्या वाटेकडे डोळे लावून बसते, तो स्वतः कोठे विव्हळत नसतो. ख्रिस्ती साधकाचा प्रियकरच जखमी आहे, आणि म्हणून त्यांच्याकडे विरह व सहवेदना ही दोन वेगळी दुःखे एकमेकांत मिसळून जातात.

सातरस्ता

मी स्वतः ख्रिस्ती आहे आणि रुग्णसेवेत आयुष्य घालवले आहे, म्हणून थोडे वेगळे बोलतो. या परंपरेत दुःखाचा सोस नव्हताच, असे म्हणता येणार नाही. चौदाव्या शतकातील हाइनरिश सूझो खिळे बसवलेले अंतर्वस्त्र घालून झोपत असे. पण वयाच्या चाळिशीच्या सुमारास त्याने हे सारे थांबवले, कारण स्वतः लावून घेतलेल्या दुःखावर आपली सत्ता चालते, आणि खरी परीक्षा लोकांकडून, प्रसंगांकडून न मागता येणाऱ्या दुःखात असते, हे त्याच्या ध्यानी आले. हे लेखन स्वतःसाठी वाचावे. खाटेवर तळमळणाऱ्या माणसाला मात्र त्यातले एक वाक्यही ऐकवू नये, असे मी कळकळीने सांगतो.

भीमाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘मागितलीच नसती’ हे वाक्य माझ्या नजरेतून कसे निसटले, कळत नाही. आज पुन्हा तेथून वाचेन. त्या आजारपणात तिच्याजवळ कोणी होते काय?

निरंजना

होते. तिची आई होती. मुलगी गेली असे समजून आईने तिचे डोळे मिटण्यासाठी हात पुढे केला, आणि ज्युलियनला त्याचे फार दुःख झाले, कारण तिला अजून ख्रिस्ताला पाहायचे होते. हा प्रसंग तिच्या ग्रंथाच्या आधीच्या, लहान पाठात आहे. पुढे कित्येक वर्षांच्या चिंतनानंतर लिहिलेल्या मोठ्या पाठात तो नाही. त्या पाठात ती ख्रिस्तालाच आई म्हणते, आपण विठ्ठलाला माउली म्हणतो तशी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असावा, असे मला नेहमी वाटत आले आहे.