काचेवरच्या लक्ष्मीचे पोपडे सुटतायत, काय करू?

पेठेतली सून:
शुक्रवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरात, देवघराच्या भिंतीवर लक्ष्मीची तसबीर आहे. वीतभर रुंद, दीड वीत उंच. कागदावरची नाही, काचेच्या मागच्या अंगाला रंगवलेली. सासूबाईंच्या आजेसासूबाईंपासूनची. भिंतीपलीकडं मोरी. यंदाच्या पावसाळ्यात साडीच्या हिरव्या रंगाचे पोपडे सुटले, चौकट हलवली की आत कण खुळखुळतात. फ्रेमवाला म्हणतो, "वहिनी, मागनं ऑइलपेंट मारतो, नवी होईल." मारू देऊ का? आणि लक्ष्मीचा आशीर्वादाचा हात डावा, पदर उजव्या खांद्यावर, हे कसं काय?

रंकाळाकर:
फेविकॉल पाण्यात पातळ करून मागनं ओता. आमच्या गणपतीला केलंय, काही होत नाही.

उलटा पेंटर:
ताई, आधी ती तसबीर हलवायची बंद करा. आणि रंकाळाकर भावा, जुने रंग बहुतेक डिंकात कालवलेले असतात, पाणी लागलं की सुटतात. तुझा गणपती वाचला, हे त्याचंच देवपण.

मी तीस वर्षं दुकानांच्या काचांवर आतल्या बाजूनं उलटी अक्षरं काढली. 'ज्वेलर्स' हा शब्द मला अजून उलटाच सुलट वाटतो. या कामात शेवटचं आधी करायचं असतं. कागदावर डोळ्यातला पांढरा ठिपका सगळ्यात शेवटी देतात, काचेवर तो पहिला. मग बुबुळ, मग डोळ्याचा पांढरा, मग कातडी. नथीचा मोती आधी, गाल नंतर. मागची भिंत सगळ्यात शेवटी. गाल भरल्यावर नथ आठवली तर पुसा सगळं. माझं एकदा 'स्वीट मार्ट'मधला काना विसरून मालकासमोर असंच झालंय.

म्हणून फ्रेमवाल्याचं ऐकू नका. जुना रंग काचेला धरून आहे तिथं मागनं कितीही ब्रश फिरवा, पुढनं काही दिसणार नाही. सुटलाय तिथं मात्र त्याचा पोपटी चमकेल, आणि ब्रशला चिकटून निम्मे पोपडे वर येतील. कागद रंग पितो, काच पीत नाही. रंग नुसता वर बसलेला असतो, ओल शिरली की सोडतो.

काच खाली, रंग वर अशी आडवी ठेवा. मोरीच्या भिंतीपासून लांब, उन्हातही नको. उघडायची घाई नको. आतले कण झाडून टाकू नका, तीच तुमची हिरवी साडी आहे. मागं कापूस, थर्मोकोल दाबू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तू दुरुस्तीचं केंद्र आहे, तिथं विचारा.

हाताचं सोपं आहे. खाका काचेखाली ठेवून वरनं गिरवायचा आणि मग काच पालथी करायची, की उजव्याचं डावं होतं. जाणता कारागीर खाकाच उलटा करून घेतो. तुमच्याकडच्यानं नाही घेतला.

जुनाबाजार:
थोडी भर. 18व्या शतकात चीनच्या कॅंटन बंदरातून अशी काचचित्रं आपल्याकडं यायची, मग इथले कारागीरही करू लागले. पुण्याच्या केळकर संग्रहालयात बघायला मिळतात. 1894 ला मुंबईत रविवर्मांचा छापखाना सुरू झाला, स्वस्त रंगीत देव घरोघर गेले, मग काचेवरचा देव कोण घेतोय! तसबीर तिरकी न करता (पेंटरदादा ओरडतील) स्वतःच तिरकं होऊन बघा, काचेत लाटा किंवा बुडबुडे दिसले तर काच जुनी.

पेठेतली सून:
लाटा आहेत, कोपऱ्यात एक बुडबुडाही. तसबीर आता माळ्यावरच्या खोलीत आडवी ठेवलीय, फ्रेमवाल्याला नाही सांगितलं. आडवी ठेवण्याआधी पुढनं काढलेला फोटो काल मोबाइलवर उलटा केला, आशीर्वादाचा हात उजवा झाला, आणि सासूबाईंना दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघितलं. "चांगली आहे," म्हणाल्या, "पण ही आपली नव्हे."