मदत हवी आहे: घरी फोटो प्रिंट करताना बॉर्डर कापली जातेय, 'ळू'चा उकार वाचवा कोणीतरी

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहितोय. घरी फोटो प्रिंट करणारं कोणी असेल तर जरा डोकं लावा, माझं काल रात्रीपासून चालेनासं झालंय.

आजीच्या ट्रंकेत बाबांचा एक जुना फोटो सापडला, महाल भागातल्या जुन्या घरासमोर तान्ह्या पोळ्याला काढलेला, बाबा चारेक वर्षांचे, डोक्यावर टोपी, हातात दोरी आणि दोरीला चाकांचा लाकडी नंदी (बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडाचे बैल सजवून घरोघरी नेतात आणि बोजारा म्हणजे खाऊ-पैसे गोळा करतात). फोटोला चारी बाजूंनी सहा-सात मिलिमीटरची बॉर्डर आहे, कधीकाळी पांढरी होती आता पिवळट झालीये, आणि खालच्या बॉर्डरवर आजीने निळ्या शाईने लिहिलंय 'बाळूचा तान्हा पोळा'. खरं सांगू तर मला फोटोपेक्षा तेच जास्त हवंय.

६०० डीपीआयला स्कॅन केला, पेपर चार बाय सहाचा ग्लॉसी, प्रिंटर घरचाच इंक टँकवाला. बॉर्डरलेस (कागदाच्या काठापर्यंत छापायची सेटिंग) ऑन करून प्रिंट दिली तर खालून कापलं गेलं, 'ळू'चा उकार गायब, छापून आलं 'बाळचा तान्हा पोळा'. बॉर्डरलेस ऑफ केलं तर बाहेरून अजून एक पांढरीफटक पट्टी येते, तीही खाली जाड वर बारीक, पिवळ्या बॉर्डरला ठिगळ लावल्यासारखी. शेवटी वैतागून बर्डीवर (सीताबर्डीला) एका फोटो लॅबमध्ये पेन ड्राइव्ह घेऊन गेलो तर तो म्हणे "भाऊ, बॉर्डर साफ करून दिली", म्हणजे सगळीच उडवली आणि वरून पैसे घेतले!

सात पेपर वाया गेले. शनिवारी बाबांचा वाढदिवस आहे. काय चुकतंय?

संत्रानगरी: विंडोजमधून प्रिंट देता का? तिथं 'फिट पिक्चर टू फ्रेम' अशी टिक असते, आधीपासून लावलेलीच. ती काढा.

धागाकर्ता: काढली दादा. थोडा फरक पडला, उकाराचं शेपूट दिसायला लागलं पण अजून अर्धंच.

शाईचा डबा: बॉर्डरलेस म्हणजे काय ते आधी समजून घ्या ना भाऊ. प्रिंटरला कागदाच्या काठावर बरोब्बर थांबता येत नाही, म्हणून तो फोटो मुद्दाम एक-दोन मिलिमीटर मोठा करतो आणि काठाबाहेर शाई उडवतो, ती आत स्पंजमध्ये जाते. म्हणजे बॉर्डरलेसमध्ये काठ कापला जाणारच, तो बिघाड नाही. सेटिंगमध्ये एक्स्टेन्शन किंवा एक्स्पान्शन असा स्लायडर असेल तर तो मिनिममवर न्या, कमी कापेल, पण कापेलच.

दुसरं, मूळ फोटोचं माप काय? जुने फोटो बरेचदा साडेतीन बाय पाच इंचांचे असतात. तसा असेल तर पाचाचे सहा करताना साडेतीनचे होतात ४.२ आणि तुमचा पेपर आहे ४ चा. म्हणजे वरून-खालून अडीच-अडीच मिलिमीटर तिथंच गेले, त्यावर बॉर्डरलेसची कात्री वेगळी. तुमचा उकार नेमका त्याच पट्टीत राहतोय.

धागाकर्ता: आत्ता पट्टी लावून मोजला, साडेतीन बाय पाचच आहे! मग आता?

शाईचा डबा: मग मोठा काहून करता? बॉर्डरलेस ऑफ, स्केल १००%, फोटो मधोमध. चार बाय सहावर दोन बाजूंना पाव इंच आणि दोन बाजूंना अर्धा इंच कोरा कागद उरतो, प्रिंटरला न छापता येणारी जागा साधारण तीनेक मिलिमीटर असते, म्हणजे पिवळी बॉर्डर पूर्ण छापली जाईल. बाहेरचं पांढरं कटरने कापून टाका, मग खाली जाड असो की वर बारीक काय फरक पडतो. मोठाच हवा असेल तर ए फोर ग्लॉसी घ्या, त्यावर सहा बाय ४.२ चा छापा आणि कापा.

बर्डीची ताई: कापताना कात्री अजिबात नको, स्टीलची पट्टी आणि नवं ब्लेड, खाली जुनी काच किंवा जाड पुठ्ठा. एका झटक्यात नाही, हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवायचं. आणि पेपर कूलरसमोर उघडा ठेवला होता का? दमट हवेत ग्लॉसी पेपर वळतो आणि मग तिरपा ओढला जातो, आमच्याकडे दर मे महिन्यात हीच रड. वापरेपर्यंत पाकिटातच राहू द्या.

धागाकर्ता: कूलरच्या अगदी समोर होता ताई 🙈

अपडेट: झालं!! पाकिटातला नवा पेपर, १००%, बॉर्डरलेस ऑफ. उकार शाबूत, शाईचा एक थेंब खाली ओघळलाय तोसुद्धा आला. आजीला दाखवला तर चष्मा लावून आधी स्वतःचं अक्षरच बघत बसली.

आता शेवटची शंका, साडेतीन बाय पाचच्या फ्रेममध्ये घालून पाहिला तर फ्रेमची कडच बॉर्डर झाकतेय, उकार परत गेला!

बर्डीची ताई: फ्रेम पाच बाय सातची घ्या आणि आत माउंट (फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) कापून मागा, खिडकी चार बाय साडेपाचची सांगा. फ्रेमवाले सवयीने खिडकी फोटोपेक्षा लहान कापतात, तिथं उभं राहून मोठी कापून घ्या. आणि प्रिंट एक दिवस वाळू द्या, ओली असताना काचेला चिकटते.

धागाकर्ता: निघालो.