स्वतः बांधलेल्या लिनक्सवर पॅकेजेस कशी सांभाळता?

खटाटोप_६४: लिनक्स फ्रॉम स्क्रॅचच्या (सगळं सोर्समधून हाताने बांधायला शिकवणारं पुस्तक) वाटेने सिस्टीम उभी केली, बूट होते, नेटवर्क चालतं. आता डेस्कटॉप चढवायचाय. आत्तापर्यंत सगळं सरळ 'मेक इन्स्टॉल' केलंय, म्हणजे फाईली थेट सिस्टीममध्ये टाकल्यात. परवा एक लायब्ररी काढायला गेलो तर तिच्या मेकफाईलमध्ये 'अनइन्स्टॉल' टार्गेटच नाही. पॅकमन (आर्च लिनक्सचा पॅकेज मॅनेजर) बसवू, स्टो (सिमलिंक लावून पॅकेजेस सांभाळणारं टूल) वापरू, की बसवलेल्या फाईलींची नुसती यादी ठेवू? हाताने कंपाइल करण्यातली मजा मात्र घालवायची नाहीये.

टारबॉल: डिपेंडन्सी (एका पॅकेजला लागणारी दुसरी पॅकेजेस) सोडवणारं काही नकोच तुम्हाला. ते काम कॉन्फिगर करताना तुम्ही स्वतःच करताय. तुम्हाला हवंय ते एवढंच, की कोणती फाईल कुठल्या पॅकेजची याची नोंद.

त्यासाठी डेस्टडिर, म्हणजे फाईली खऱ्या जागेऐवजी कुठे उतरवायच्या ते 'मेक'ला सांगणारं व्हेरिएबल. 'मेक इन्स्टॉल'ला डेस्टडिर म्हणून रिकामी डिरेक्टरी द्या, सगळं झाड तिथे उतरतं. मग निवांत बघा आत काय आलंय. इन्फो (मदतीची पानं) असलेल्या पॅकेजात त्या पानांच्या सूचीची 'डिर' नावाची फाईल हमखास सापडेल. ती असं प्रत्येक पॅकेज आपापली आणतं, उडवून टाका. हे सगळं साध्या युजरने फेकरूटखाली (रूट असल्याचा नुसता भास देणारं टूल) चालवायचं, रूटने नाही. हाताने लिहिलेल्या काही मेकफाईली डेस्टडिरला जुमानत नाहीत आणि थेट यूएसआरमध्ये घुसू बघतात. साधा युजर असला की 'परमिशन डिनाइड' येऊन तिथेच अडतात.

मी यावर क्रक्स या छोट्या लिनक्स डिस्ट्रोचं पीकेजीयुटिल्स हे पॅकेज टूल वापरतो. त्यातली पीकेजीफाईल ही पॅकेज बांधायची कृती, म्हणजे नाव, आवृत्ती, सोर्स आणि एक बिल्ड फंक्शन, शुद्ध शेल. डेटाबेस साधी टेक्स्ट फाईल आहे, काही बिनसलं तर 'लेस'ने उघडून वाचता येते. ईटीसीतल्या फाईलींवर 'अपग्रेड नको' असा नियम लावला की नवी कॉन्फिग बाजूला 'रिजेक्टेड'मध्ये पडते, तुमची शाबूत राहते. पॅकमनही चांगलाच आहे, पण एकट्याच्या मशीनसाठी मला जड वाटतो.

एक लक्षात असू द्या: डेस्टडिर दिलं की एलडीकॉन्फिग (लायब्ररींची सूची), आयकॉन कॅशे, जीलिब स्कीमा (सेटिंग्जच्या व्याख्या) ताजी करायची कामं राहून जातात. पॅकेज बसवल्यावर ती हाताने करायची.

दुवेवाला: स्टोला इतकं बाजूला का सारताय? प्रत्येक पॅकेज आपल्या डिरेक्टरीत, खऱ्या जागी नुसत्या सिमलिंक (फाईलीकडे बोट दाखवणारे दुवे). काढायचं तर एक कमांड, डेटाबेसची भानगडच नाही.

टारबॉल: यूएसआर-लोकलपुरता स्टो झकास, तिथे मीही नाही म्हणणार नाही. बेसमध्ये (मूळ सिस्टीममध्ये) नको. स्टो पर्लमध्ये आहे आणि पर्लला जीलिबसी (जवळपास सगळे प्रोग्रॅम जिच्यावर चालतात ती सी लायब्ररी) लागते. जुन्या जीलिबसीच्या लिंक काढल्या आणि नव्या लागायच्या आहेत, त्या मधल्या क्षणी पर्ल सोडा, लिंक लावणारी 'एलएन' कमांडसुद्धा चालणार नाही.

खटाटोप_६४: पटलं. पण आधीच बसलेल्या बेसचं काय? त्याची नोंद कुठेच नाही.

टारबॉल: त्याच आवृत्त्या डेस्टडिरने पुन्हा बिल्ड करा आणि पीकेजीयुटिल्समधल्या, पॅकेज बसवणाऱ्या पीकेजीअ‍ॅडला 'एफ' (आहेत त्या फाईलींवर लिही) देऊन वरूनच बसवा. फाईली त्याच जागी पडतात, नोंद होते. घाई नाही, रोज थोडी उरका. मात्र पुढे एखाद्या लायब्ररीचा एसओ-क्रमांक (तिच्या फाईलनावातला आवृत्ती क्रमांक) बदलला तर अपग्रेडमध्ये जुनी फाईल जाते, म्हणून आधी बाकीच्या प्रोग्रॅमांवर 'रीडएल्फ -डी' (लागणाऱ्या लायब्ररी दाखवणारी कमांड) चालवून तिच्यावर कोण कोण टेकलंय ते काढून ठेवा. आणि स्टॅटिक बिझीबॉक्स (बाहेरची लायब्ररी न लागणारा, मूलभूत कमांडींचा एकच प्रोग्रॅम) आजच बिल्ड करून ठेवा, जीलिबसीला हात लावायच्या आधी.