आप्पे वरून करपतात, आत कच्चे राहतात: पीठ चुकतंय की पात्र?

टिळकवाडीकर
नमस्कार मंडळी. रविवारच्या न्याहारीला आप्पे करायचे ठरवले होते, पण सलग दोन रविवार फसले. माप असं घेतलं: 2 वाट्या इंद्रायणी तांदूळ, 1 वाटी उडीद डाळ. सगळं एकत्र भिजवलं, रात्री 10 ला मिक्सरला वाटलं, सकाळी 7 ला बघितलं तर पीठ जसंच्या तसं. म्हणून एक चमचा सोडा घातला. पात्र नवीन, बिडाचं (ओतीव लोखंडाचं), 7 खळग्यांचं. गॅस मोठा होता. आप्पे तळाला काळे झाले, पात्राला चिकटले आणि आत ओला गोळा राहिला. मधल्या खळग्यातला तर कोळसाच झाला. घरात 5 माणसं आहेत. कुठं काय बदलायचं ते नेमकं सांगा की.

बिडाचा तवा
पात्राचं मी सांगतो, पिठाचं बाकीचे सांगतील.

नवं बीड आणलं त्या दिवशी वापरायचं नसतं. आधी गरम पाणी आणि साबण लावून एकदा खरखरून घासा, त्यानंतर साबण नको. मग तांदूळ धुतलेलं पाणी किंवा पेज खळग्यांत भरून रात्रभर ठेवा, सकाळी ओतून पात्र धुवा आणि लगेच गॅसवर कोरडं करा. पुसून तसंच ठेवलं तर तासाभरात तांबूस गंज धरतो. आता प्रत्येक खळग्याला तेलाचं बोट फिरवा आणि फडक्यानं जवळजवळ सगळं पुसून घ्या. तेल दिसायला नको, नुसती चमक राहिली पाहिजे. मंद ते मध्यम आचेवर धूर यायला लागेपर्यंत तापवा, पूर्ण गार होऊ द्या. असं चार वेळा करा. तेल तापून बिडावर कडक पातळ थर धरतं आणि त्या थरामुळं आप्पा सुटतो. तेल जास्त राहिलं तर थर कडक न होता चिकट होतो, मग पुढचा प्रत्येक घाणा त्याला धरून बसतो. तसं झालं असेल तर तारेच्या घासणीनं काढा आणि पहिल्यापासून सुरू करा.

मधला कोळसा होतो कारण घरच्या बर्नरची ज्योत मधल्या खळग्याखाली असते. पीठ घालताना कडेचे सहा आधी भरा, मधला शेवटी, आणि काढताना मधला पहिला काढा. दर मिनिटाला पात्र पाव फेरा फिरवलं तर कडेचेही सारखे भाजतात.

आच मोठी फक्त पात्र तापेपर्यंत. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो नाचत उडाला की गॅस मध्यमच्या खाली आणा. खळग्यात अर्धा चहाचा चमचा तेल, मग पीठ पाऊण भरून. पीठ पडताना चर्र असा आवाज आला पाहिजे. आवाज नाही म्हणजे पात्र गार आहे आणि आप्पा चिकटणारच. झाकण ठेवून अडीच मिनिटं. वरचा भाग ओला न दिसता कोरडा, जाळीदार दिसला की कडेनं विणायची सुई किंवा बारीक सळई फिरवून उलटा. दुसरी बाजू झाकण न ठेवता दीड ते दोन मिनिटं. सुईला चिकटून येतोय म्हणजे वेळ झालेली नाही, अर्धा मिनिट थांबा. ओढाओढ केली की तळ पात्रातच राहतो.

चिकोडीची अक्का
दादांनी पात्राचं बरोबर सांगितलं, पण करपण्याचं मूळ त्या चमचाभर सोड्यात आहे.

सोड्यानं पीठ अल्कधर्मी, म्हणजे आंबटाच्या उलट गुणाचं होतं आणि अशा पिठाचा रंग फार लवकर चढतो. त्यामुळं आत उष्णता पोचायच्या आधीच बाहेरून तांबूस आणि मग काळा. शिवाय न आंबलेल्या पिठात आंबटपणा नसतो, मग सोडा तसाच शिल्लक राहतो आणि साबणासारखी चव येते. तेव्हा पीठ वर आलं नसेल तर सोडा हा उपाय नाही, वेळ आणि ऊब हा उपाय.

आता माप. 5 माणसांना 40 ते 45 आप्पे लागतील. 200 मिलीची वाटी घेतली तर 2 वाट्या तांदूळ, अर्धी वाटी उडीद डाळ, पाव वाटी जाडे पोहे, अर्धा चहाचा चमचा मेथीदाणे. तुम्ही उडीद दुप्पट घेतली. उडदानं पीठ हलकं होतं खरं, पण प्रमाण वाढलं की आप्पा मऊ, चिवट होतो आणि कड कुरकुरीत होत नाही.

इंद्रायणी भाताला कितीही गोड लागला तरी इथं नको. तो मुळातच चिकट तांदूळ, वाटल्यावर पीठ लुसलुशीत न होता चिकचिकीत होतं आणि आतला गोळा शिजूनही कच्चा वाटतो. साधा जाडा तांदूळ घ्या, रेशनचा चालतो. बेळगावच्या रविवार पेठेत डोशाचा तांदूळ म्हणून मागितला तरी मिळेल. घरात इंद्रायणीच असेल तर निम्मा तो आणि निम्मा उकडा, त्यापेक्षा जास्त नको.

तांदूळ आणि मेथी एकत्र 5 ते 6 तास भिजवा, उडीद वेगळी 4 तास. पोहे वाटायच्या आधी 15 मिनिटं. एकत्र भिजवलं की एकत्र वाटलं जातं आणि दोन्हींचा पोत वेगळा हवा असतो. उडीद आधी, फ्रिजमधलं गार पाणी चमच्या-चमच्यानं घालत, अगदी गुळगुळीत. मिक्सर थांबवून थांबवून चालवा, भांडं हाताला गरम लागलं तर पीठ आंबायचं मंदावतं. थेंब वाटीभर पाण्यात टाकून बघा, तरंगला म्हणजे हवा भरली. तांदूळ-पोहे बारीक रव्याइतके भरड ठेवा. मग हातानं 2 मिनिटं घोटा. पीठ इडलीपेक्षा किंचित सैल, डोशापेक्षा घट्ट. पळीतून पडताना जाड पट्टा पडला पाहिजे, धार लागता कामा नये.

खानापूरची पावसाळी हवा
9 तासांत पीठ वर आलं नाही यात नवल नाही, आणि हे फक्त आपल्या हवेचं गणित आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा 15 अंशांच्या आसपास उतरतो. पिठात वायू तयार करणाऱ्या जिवाणूंना 27 ते 30 अंश मानवतात. 15 ला ते जवळजवळ झोपलेले असतात. म्हणून किनारपट्टीच्या रेसिपीत लिहिलेले 8 तास इथं धरायचे नाहीत.

थंडीत शनिवारी सकाळी 7 ला भिजत घाला, दुपारी 1 ला वाटा, म्हणजे रविवारी सकाळपर्यंत 17-18 तास मिळतात. भांडं मोठ्या पातेल्यात कोमट पाण्यात ठेवा. हात बुडवून सुखद वाटेल इतकंच कोमट, कढत पाण्यानं जिवाणू मरतात. वर जाड चादर. झोपायच्या आधी पाणी एकदा बदला. घरी ओव्हन असेल तर तो बंद ठेवून आतला दिवा लावला तरी पुरेशी ऊब राहते.

खानापूर भागात जून ते सप्टेंबर पावसाची झड असते तेव्हा 12 ते 14 तास. एप्रिल-मेमध्ये मात्र उलट: रात्री 9 च्या आधी वाटूच नका, सकाळपर्यंत आंबट होऊन खाली बसतं. मीठसुद्धा हवेप्रमाणे. मिठानं आंबणं मंदावतं, म्हणून उन्हाळ्यात वाटल्यावर लगेच, थंडीत सकाळी करायच्या वेळी.

पीठ दीडपट ते दुप्पट झालं, वर बुडबुडे दिसले, वास आंबूस पण स्वच्छ आला की झालं. त्यानंतर जोरजोरात ढवळू नका. एका बाजूनं हलकेच पळी घाला, सगळी हवा त्यातच आहे.

निपाणीचा बल्लव
सोड्याबद्दल अक्कांशी थोडा मतभेद. पीठ नीट आंबलंय पण गारठ्यानं पुरेसं फुललं नाही, तर अर्धा लिटर पिठाला चिमूटभर, म्हणजे चहाच्या चमच्याचा आठवा भाग, भाजायच्या अगदी आधी चालतो. आंबट पिठात तो विझतो, चव येत नाही. न आंबलेल्या पिठात नको, तिथं त्यांचंच बरोबर.

आणि शनिवारी भिजवायचं राहिलंच तर रव्याचे आप्पे. इथं एक घोटाळा फार होतो. आपल्याकडच्या दुकानात इडली रवा मागितला की तांदळाचा मिळतो, बन्सी रवा गव्हाचा पण जाड. तुम्हाला उप्पिटाचा साधा मध्यम रवा हवा. 2 वाट्या रवा, 1 वाटी आंबट दही, 1 वाटी पाणी, मीठ. 25 मिनिटं झाकून ठेवा. रवा पाणी पिऊन घट्ट होतो, मग पुन्हा पाव ते अर्धी वाटी पाणी. हे दुसऱ्यांदा पाणी घालणं चुकलं की आप्पे दडदडीत होतात. सोडा पाव चमचा, शेवटी. आच आणखी मंद, झाकणाखाली 3 मिनिटं. हे गार झाले की घट्ट होतात, तव्यावरून थेट ताटात.

टिळकवाडीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. माप आणि वेळ लिहून घेतली. आणखी दोन शंका: कांदा-मिरची पिठात कधी घालायची? आणि चटणीला बेडगी घेऊ की संकेश्वरी?

चिकोडीची अक्का
कांद्याला मीठ लागलं की पाणी सुटतं आणि पीठ पातळ होतं. म्हणून सगळ्या पिठात कधीच नाही. एका घाण्याला लागेल तेवढं, म्हणजे दीड-दोन वाट्या पीठ वेगळ्या भांड्यात काढा, त्यात अगदी बारीक चिरलेला छोटा कांदा, 1 हिरवी मिरची, कढीपत्ता, खोबऱ्याचे बारीक तुकडे. वरून मोहरी, जिरं आणि 20 मिनिटं भिजवलेली चमचाभर हरभरा डाळ यांची फोडणी, गरम असतानाच. कांदा मोठा चिरला की आप्पा उलटताना फुटतो. उरलेलं साधं पीठ फ्रिजमध्ये 2 दिवस राहतं, कांद्याचं त्याच दिवशी संपवायचं.

गोडाचे करायचे असतील तर साध्या पिठात गूळ विरघळवून, वेलची घालून शेवटच्या घाण्याला. गूळ पटकन जळतो आणि खळग्यात चिकटतो, म्हणून आच सगळ्यात मंद. त्यानंतर तिखटाचे काढायला गेलात तर पात्र आधी पुसावं लागेल.

निपाणीचा बल्लव
चटणीत रंग बेडगीचा आणि तिखटपणा संकेश्वरीचा. ओल्या खोबऱ्याच्या वाटीभर चटणीला 2 बेडगी, अर्धी संकेश्वरी, 2 चमचे पुटाणी डाळ (डाळं), चिंच लिंबाएवढी नव्हे, आवळ्याच्या बीएवढीच, मीठ. मिरच्या कोमट पाण्यात 15 मिनिटं भिजवा, नाहीतर साल बारीक होत नाही. पुटाणीनं चटणी बांधून येते, जास्त झाली तर तासाभरात घट्ट गोळा होतो.

बिडाचा तवा
काम झाल्यावर पात्र गरम असतानाच कोरड्या फडक्यानं पुसा. फारच चिकटलं असेल तर गरम पाणी आणि जाडं मीठ लावून घासा, गॅसवर वाळवा, तेलाचं बोट फिरवा. चिंच, टोमॅटो, लिंबू यातलं काही त्यात ठेवू नका, आंबटानं थर उतरतो. बाजारात दुसरं घ्यायचं झालं तर 'पड्डू हंचू' (आप्पेपात्राचं कन्नड नाव) म्हणून मागा, दुकानदाराला लगेच कळतं. खळगे खोल आणि तळ जाड असलेलं बघून घ्या. पातळ तळाचं हलकं पात्र गरम लवकर होतं, पण पीठ पडलं की तितक्याच लवकर गार पडतं.