फिफ्थ-व्हील ट्रेलरची बांधणी पक्की आहे हे कसं ओळखायचं?

प्रश्न: आम्ही डॅलसजवळ राहतो. मुलं कॉलेजला गेली, आता दोघांनी भटकायचं ठरवलंय. एक जुना फिफ्थ-व्हील (पिकअप ट्रकच्या मागच्या हौद्यात जोडून ओढायचं फिरतं घर) बघितला, भरून वजन 12,000 पाउंड. आतून चकाचक आहे. आणखी काय तपासू?

उत्तर १: ताई, सोफे-कपाटं नंतर. आधी शिडी लावून छत बघा, व्हेंटभोवतीचं सीलंट भेगाळलंय का? मग स्लाइड-आउटच्या (बाहेर सरकणाऱ्या खोलीच्या भागाच्या) कोपऱ्यांत जमीन पायाने दाबा. आमच्या पहिल्या ट्रेलरमध्ये तिथे जरा मऊ लागलं होतं, मी दुर्लक्ष केलं. दोन महिन्यांनी उकरलं तर खालचं प्लायवूड भिजलेल्या बिस्किटासारखं हातात आलं. फार जीव जळला हो. बाहेरची फायबरग्लासची भिंत तिरप्या उन्हात बघा. फुगवटा दिसला तर सरळ परत या.

उत्तर २: टायरवर डीओटी (अमेरिकी वाहतूक खातं) क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा. 2319 म्हणजे टायर 2019 च्या 23व्या आठवड्यात बनलेला.

उत्तर १: आणि पिकअप कोणता? वजनाचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा हिचवर, म्हणजे पिकअपमधल्या जोडणीवर येतो, म्हणजे 2,400 ते 3,000 पाउंड. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पेलोड, म्हणजे पिकअप स्वतःवर किती वजन पेलू शकतो ते, लिहिलेला असतो. त्यात तुम्ही दोघं, सामान, हिच सगळं धरा.

प्रश्नकर्ती: आत्ताच बघून आले. पेलोड 1,900 पाउंडच आहे. आज टोकन देणार होतो, थांबवलं.