तुर्की नाटोत असून रशियाकडून एस-४०० घेतं, हे चालतं कसं?

अभ्यासिका_जळगाव:
राम राम मंडळी. राज्यसेवेची तयारी करतोय, काल टपरीवर वाद झाला तो मिटला नाही म्हणून इथं टाकतो. मित्र म्हणतो तुर्की दगाबाज, १९५२ पासून नाटोत (अमेरिकेच्या लष्करी गटात) आहे तरी रशियाकडून एस-४०० ही विमानं पाडणारी क्षेपणास्त्र यंत्रणा घेतली, युक्रेनला ड्रोन विकले पण रशियावर निर्बंध लावले नाहीत, वर स्वीडनला जवळजवळ दोन वर्षं नाटोच्या दारात ताटकळत ठेवलं. मला ती हुशारी वाटते. पण मग याची किंमत कोणी वसूलच करत नाही का?

भुसावळकर:
भो, आमचं जंक्शन डोळ्यासमोर आण. मुंबईची गाडी नागपूरला जावो की खंडव्याला, भुसावळ लागणारच. तसं तुर्कीतल्या बॉस्फरस अन् डार्डनेल्स या सामुद्रधुन्या, काळ्या समुद्रातून जहाजाला भूमध्यात जायचं तर हाच दरवाजा, आणि किल्ली १९३६ च्या माँट्रो करारानं तुर्कीकडे. युद्ध दुसऱ्यांचं असेल तर लढणाऱ्यांच्या युद्धनौका अडवायच्या, फक्त आपल्या तळावर परतणारी सोडायची. फेब्रुवारी २०२२ च्या शेवटी त्यांनी हेच केलं आणि बाकीच्या देशांनाही सांगितलं की तुम्हीपण नका पाठवू. म्हणजे रशियाला दार बंद आणि नाटोलाही. म्हणूनच जुलै २०२२ मध्ये युक्रेनच्या धान्याचा करार इस्तंबूललाच झाला, रशिया अन् युक्रेन दोघंही तुर्कीशी बोलत होते ना. (ड्रोनची कंपनी तुर्कीचे राष्ट्राध्यक्ष एर्दोगानच्या जावयाच्या घरची आहे, हे मित्राला सांग, आणखी चिडेल.)

केळीवाला_सावदा:
किंमत विचारली म्हणून लिहितो, मी काही शिकलेला माणूस नाही, आमचा केळीचा माल आखातात जातो तेवढीच परदेशाची ओळख. नोव्हेंबर २०१५ मध्ये तुर्कीनं सीरियाच्या हद्दीजवळ रशियाचं लढाऊ विमान पाडलं. रशियानं तुर्कीवर काय टाकलं? बॉम्ब नाही. टोमॅटो बंद केले! फळं बंद, पर्यटकांची चार्टर विमानं बंद. पुढच्या जूनमध्ये एर्दोगाननं दिलगिरीचं पत्र पाठवलं, मग विमानं लवकर सुटली पण टोमॅटो २०१७ संपत आलं तेव्हा, तेही मोजक्या कोट्यावर. आमचा एक कंटेनर बंदरावर दोन दिवस जास्त थांबला तर झोप उडते, त्यांचे तर हंगामच्या हंगाम गेले. वाकडं दोन सरकारांचं आणि माल सडतो शेतकऱ्याचा, अठे बी तसंच से.

मास्तर_धुळे:
बेटा, दगाबाज की हुशार यात अडकू नकोस, हिशोब लिही. एस-४०० जुलै २०१९ ला उतरलं आणि त्याच महिन्यात अमेरिकेनं तुर्कीला एफ-३५ या आपल्या लढाऊ विमानाच्या प्रकल्पातून काढलं. नुसते गिऱ्हाईक नव्हते ते, त्या विमानाचे सुटे भाग बनवत होते. डिसेंबर २०२० ला निर्बंधही लागले. मग अमेरिकेकडे एफ-१६ विमानं मागायची वेळ आली, तेव्हा स्वीडनला नाटोत घ्यायची सही कामी आली: जानेवारी २०२४ मध्ये तुर्कीच्या संसदेनं मंजुरी दिली आणि त्याच आठवड्यात अमेरिकेनं विमानांची फाईल पुढे सरकवली.
हे नवीन नाही. १९७४ ला सायप्रसमध्ये सैन्य घातलं तेव्हाही अमेरिकेनं पुढच्या वर्षी शस्त्रं बंद केली, १९७८ पर्यंत. तरी ना हे नाटोतून गेले ना त्यांनी काढलं. समोर ग्रीस, तोही नाटोतच, तोही १९५२ लाच आलेला! शेजाऱ्यांचं म्हणशील तर त्यांचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री दावूतोग्लूंनी ‘शेजाऱ्यांशी शून्य वाद’ म्हणून धोरण काढलं होतं, पण सीरिया, इस्रायल, इजिप्त सगळ्यांशी बिनसलं. आर्मेनियाची सीमा तर १९९३ ला बंद केलेली.

सातपुड्याचा_नंदुरबार:
हुशारी वगैरे ठीक आहे, २०२३ च्या भूकंपात आपण ऑपरेशन दोस्त करून माणसं, दवाखाना सगळं पाठवलं आणि मे २०२५ च्या भारत-पाक संघर्षात ते पाकिस्तानच्या बाजूला उभे. मी तर तुर्की सफरचंद घेणं सोडलंय.

अभ्यासिका_जळगाव:
सर एक शंका, एस-४०० तर आपणही घेतलं, २०१८ च्या करारानं. मग आपल्यावर का नाही लागले निर्बंध?

मास्तर_धुळे:
आपण कुठल्या लष्करी गटाच्या कागदावर सही केलेली नाही. एफ-३५ आणि रशियाचं रडार एकाच अंगणात नको हा त्यांचा आक्षेप, आपल्याकडे एफ-३५ च नाही. शिवाय चीनसमोर आपण हवे आहोत. नंदुरबारच्या भाऊंना एवढंच की पाकिस्तानची दोस्ती निदान १९५५ च्या बगदाद करारापासूनची आहे, दोघं त्या लष्करी करारात एकत्र होते, एर्दोगान आल्यावरची नाही. आणि आपणही गप्प नाही, आर्मेनियाला पिनाका रॉकेट यंत्रणा दिली, जून २०२५ ला पंतप्रधान सायप्रसला जाऊन आले.

केळीवाला_सावदा:
मास्तर, त्यांच्याकडे अनामूर म्हणून गाव आहे, केळीचंच, आणि बाहेरच्या केळीवर जबर शुल्क लावून ती जपतात. त्याच मेर्सिन प्रांतात रशियाची कंपनी त्यांना अणुवीज प्रकल्प बांधून देतेय, अक्कूयूला. वीज रशियाची चालते, केळी कोणाचीच नको!